पुराचे पाणी आधी, नळाचे पाणी शेवटी

२६ जुलै २००५ च्या पुरात ठाणे, कल्याण आणि बदलापूर परिसरात जी मुले तान्ही होती, ती आज विशीत आहेत. त्यांच्या वयाची सनावळी एकदा मांडून पाहावी. ती प्राथमिक शाळेत होती तेव्हा, एप्रिल २०१५ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानग्या देण्यावर बंदी घातली. कारण शहराच्या कचऱ्याची नीट विल्हेवाट लावण्याची सोयच महापालिकेकडे नव्हती. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. बारा माणसे गेली, दोनशेच्या आसपास जखमी झाली. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी पात्र सोडून धावली आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीतला एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला आणि तो पाहायला मुख्यमंत्री आले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. त्याच आठवड्यात कळव्याच्या घोलाईनगरात दरड घरावर कोसळून एकाच कुटुंबातले पाच जण गेले. २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीतच अमुदान कंपनीत स्फोट झाला. २०२५ साली तर मोसमी पावसाने २६ मे रोजीच मुंबई गाठली; इतक्या लवकर तो आल्याची नोंद त्याआधी नव्हती.

एवढे सगळे पाहत मोठ्या झालेल्या मुलामुलींना हवामानबदल हे उद्याचे संकट आहे, असे सांगायला कोणी जाऊ नये. त्यांच्यासाठी ते कालचे आहे, आजचेही आहे. प्रस्तुत पुस्तिका याच पिढीसाठी आहे. त्यातही विशेषतः येऊरच्या पाड्यांवरच्या, शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवरच्या, खाडीकाठच्या कोळीवाड्यांतल्या, कल्याण-डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांच्या गावठाणांतल्या, कळवा-मुंब्र्याच्या डोंगरउतारावरच्या आणि कल्याण-डोंबिवलीच्या रेल्वेलगतच्या वस्त्यांमधल्या तरुणांसाठी. प्रस्तावनेच्या निमित्ताने हवामान न्याय या विषयाची ओळख करून द्यावी, तो आपल्या भागात कसा उतरला आहे ते सांगावे, आणि ज्यांच्या हातात पुस्तिका पडेल त्यांच्याशी दोन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात, एवढाच माझा हेतू आहे.

हवामान न्याय म्हणजे काय, याचे उत्तर कल्याणात फार लांब शोधावे लागत नाही. महापालिका पिण्याचे पाणी उल्हास नदीतून उचलते. मोठा पूर आला की मोहिलीचे उदंचन केंद्र पाण्याखाली जाते, पंप बंद पडतात आणि सगळीकडे पाणी असताना नळ कोरडे राहतात. सोसायट्यांमध्ये दोन दिवस टँकर येतो, गच्चीवरच्या टाक्यांतले पाणी जपून वापरले जाते. नदीकाठच्या चाळीत मात्र आधी घरात पाणी शिरते, धान्य आणि दप्तरे भिजतात, मग लोक हंडा घेऊन दुसऱ्या वस्तीत पाणी मागायला निघतात. पुराचे पाणी ज्यांच्या दारात सर्वांत आधी येते, त्यांच्याच दारात नळाचे पाणी सर्वांत शेवटी येते. पाऊस दोघांवर सारखाच पडला. पण कोणाचे घर कुठे असेल, हे पावसाने ठरवले नव्हते.

ते कोणी ठरवले, हा या पुस्तिकेचा मूळ प्रश्न आहे. पृथ्वी तापवणारा धूर ज्यांनी सर्वांत कमी सोडला, त्यांनाच तापलेल्या पृथ्वीचा चटका सर्वांत जास्त बसतो. म्हणून नुकसानीचा हिशेब मांडताना आणि उपायांचा पैसा वाटताना त्यांचा शब्द आधी ऐकला पाहिजे. हवामान न्यायाची मागणी थोडक्यात ही आहे.

या विचाराचा जन्म विद्यापीठात झालेला नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात वॉरन काउंटी नावाचा गरीब आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीचा भाग आहे. १९८२ साली तिथे विषारी पीसीबी रसायने मिसळलेली माती पुरायचे सरकारने ठरवले, तेव्हा लोक ट्रकसमोर रस्त्यावर आडवे झाले. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली आणि माती शेवटी तिथेच पुरली गेली. पण विषारी कचरा नेमका काळ्या माणसांच्याच दारात का टाकला जातो, हा प्रश्न त्या दिवसापासून देशभर विचारला जाऊ लागला. १९८७ साली एका चर्च संघटनेच्या अभ्यासाने त्याला आकडेवारीचा आधार दिला. १९९१ साली वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय, मूळनिवासी, लॅटिन आणि आशियाई समाजांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन पर्यावरणीय न्यायाची सतरा तत्त्वे मंजूर केली.

तिकडे जे काम वर्ण करतो, ते आपल्याकडे जात करते, आदिवासी असणे करते, धर्म करतो आणि सातबाऱ्यावर नाव नसणे करते. शहराचा कचरा कोणी उचलायचा, गटारात कोणी उतरायचे, धरणासाठी कोणाचे गाव बुडवायचे आणि कारखान्याच्या भिंतीला लागून कोणी राहायचे, ही यादी आपल्याकडे कोणी कागदावर लिहून ठेवलेली नसते. तरी ती सर्वांना पाठ असते. १ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेला नेतिवलीच्या चक्की नाका भागात एक विहीर साफ करायला माणूस उतरला, विषारी वायूने गुदमरला. त्याला काढायला उतरलेलेही गेले आणि त्यांना काढायला उतरलेले अग्निशमन दलाचे दोन जवानही गेले. पाच मृत्यू. विहिरीत वायू कुठून आला, याची चर्चा पुष्कळ झाली. विहिरीत पहिल्यांदा उतरायची पाळी ज्यांच्यावर येते ती माणसे कोणत्या समाजांतून येतात, याची चर्चा अशा घटनेनंतर सहसा होत नाही.

रासायनिक स्फोटांचा हवामानाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध भूगोलाचा आहे. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत साठच्या दशकात उभी राहिली, तेव्हा भोवती भातखाचरे होती. पुढे कारखाने आणि घरे एकमेकांना भिडली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत डोंबिवलीचे नाव होते. ज्या वस्तीची हवा आधीच रसायनांनी जड झाली आहे तिथे उष्णतेची लाट आली, ज्या नाल्यात कारखान्याचे पाणी मिसळते तो पावसात घरात शिरला, तर संकटे एकावर एक चढतात. वालधुनी नदीचे उदाहरण घ्या. अंबरनाथजवळच्या डोंगरात उगम पावणारी ही छोटी नदी उल्हासनगरातून कल्याणपर्यंत येते तेव्हा तिला लोक नाला म्हणू लागलेले असतात. २०१४ साली तिच्यात रसायने सोडल्यामुळे उल्हासनगर भागातल्या शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. त्याच नदीला पूर येतो तेव्हा काठच्या झोपड्यांत काय शिरत असेल, याची कल्पना करायला रसायनशास्त्र शिकावे लागत नाही.

उष्णता दिसत नाही आणि तिचे पंचनामे होत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी बसून पाहावे, म्हणजे ती समजते. छत तापते, भिंत तापते, रात्री बारापर्यंत घर निवत नाही. पुरुष नाक्यावर किंवा बांधकामावर असतात. बायका त्याच पत्र्याखाली घरबसल्या मिळणारे तुकड्यावरचे काम करत असतात, आणि त्यांना कामगार म्हणून कोणी मोजत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा माणसे दगावली, तेव्हा ऊन माणसे मारते हे राज्याला कळले. पुढच्याच वर्षी ठाणे महापालिकेने सीईईडब्ल्यू या दिल्लीच्या अभ्यास संस्थेबरोबर शहराचा उष्णता कृती आराखडा जाहीर केला. ही चांगली गोष्ट झाली. आता प्रश्न उरतो तो असा की, उपग्रहाच्या नकाशावर लाल दिसणाऱ्या वस्तीतल्या मुलीला तो आराखडा वाचायला मिळतो का, आणि तिने आपल्या गल्लीतली पाणपोई बंद असल्याचे कळवले तर ते कोणाच्या कानावर जाते.

पाण्याची गोष्ट याहून जुनी आहे. मुंबई आणि ठाण्याची तहान भागवणारी तानसा, भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. जलवाहिन्या ज्या गावांच्या शिवारातून जातात, त्यांतल्या कित्येक गावांना आणि पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुरबाड तालुक्यातल्या काळू नदीवर महानगराच्या पाण्यासाठी मोठे धरण बांधायचे ठरले, तेव्हा ठाकर, महादेव कोळी, कातकरी वाड्यांची जमीन आणि सुमारे हजार हेक्टर जंगल पाण्याखाली जाणार होते. वनविषयक मंजुरी हाती नसतानाच काम सुरू झाले होते. श्रमिक मुक्ती संघटनेने ते न्यायालयात नेले आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने काम थांबवले. धरणाचा प्रस्ताव त्यानंतरही पुन्हा पुन्हा डोके वर काढत राहिला. आपल्या नळाला पाणी यावे असे डोंबिवलीकराला वाटणे चूक नाही. पण त्या पाण्याची किंमत कोण मोजते, हे त्याला ठाऊक नसणे हा अन्याय टिकवून धरणारा सर्वांत मजबूत खांब आहे.

कातकरी वाड्यांकडे थोडे जास्त थांबायला हवे, कारण हवामान न्यायाच्या चर्चेत त्यांचे नाव क्वचित येते. शासनाच्या लेखी हा आदिम जमातींपैकी एक समाज. दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या होतात. कुटुंबे कल्याण, भिवंडी, अंबरनाथ भागातल्या वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात भट्टीमालकाकडून घेतलेली उचल सहा-सात महिने राबून फेडायची असते. वीट थापून उन्हात वाळत घातली की ती भट्टीत चढेपर्यंत कच्ची असते. अशा वेळी अवकाळी पाऊस आला तर रात्रीत चिखल होतो. मजुरी थापलेल्या विटांवर ठरते. मग चिखल झालेल्या विटांचा हिशेब कोणाच्या नावावर पडतो, हे भट्टीवर कोणीही सांगेल. उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मालकाकडे जावे लागते, मुलांची शाळा सुटते. याच विटांनी शहराच्या इमारती उभ्या राहिल्या. अवकाळी पावसात शेतकऱ्याच्या नुकसानीचे निदान पंचनामे होतात. वीटभट्टीवरच्या मजुराच्या बुडालेल्या महिन्याला सरकारी तक्त्यात रकानाच नाही. तो रकाना तयार करा, ही मागणी एखाद्या कातकरी तरुणाने तहसीलदारासमोर मांडली, तर हवामानबदलावरच्या कुठल्याही परिसंवादापेक्षा ती जास्त मोलाची ठरेल.

खाडीकडे वळलो तर चित्र निराळे, अन्याय तोच. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि ऑगस्ट २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पक्षी पाहायला लोक येतात, छायाचित्रे निघतात. त्याच खाडीत पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्या कोळ्याला विचारा. जिताडा, निवटी, चिंबोरी कधी आणि का कमी झाली, हे तो वर्षांच्या हिशेबाने सांगेल. गावातल्या आगरी म्हाताऱ्यांना खाजणाचे बांध कुठे होते, भरतीचे पाणी कुठवर चढायचे, हे आठवते. तिवरांवर भराव टाकून झालेल्या इमारती पावसाळ्यात का तुंबतात, याचे उत्तर त्या आठवणीत आहे. दिव्यात ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे पडत राहिला. २०२३ साली तो बंद करून भंडार्लीला नेला, तर तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला. कल्याणच्या आधारवाडीचा कचऱ्याचा डोंगर २०२१ च्या मे महिन्यात बंद झाला, तोवर त्याला कितीदा आगी लागल्या आणि आसपासची पोरे कितीदा खोकत शाळेत गेली, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. कचरा नाहीसा होत नाही, त्याचा पत्ता बदलतो. आणि नवा पत्ता नेहमी कोणा दुबळ्याचाच असतो.

आता नेतृत्वाविषयी. वंचित समाजातल्या तरुणांना नेतृत्व शिकवायला हवे, असे मोठ्या आस्थेने बोलले जाते. बोलणाऱ्यांनी आपल्याच भागाचा इतिहास चाळावा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले, तेव्हा नैसर्गिक संपत्तीवर हक्क कोणाचा, हाच प्रश्न त्यांनी विचारला होता. १९३३ पासून सहा वर्षे अलिबागजवळच्या चरी गावच्या आगरी कुळांनी, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, खोतांच्या जमिनी पड ठेवल्या. जंगलातला लाकूडफाटा विकून आणि उपास काढून त्यांनी संप चालवला. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची महाराष्ट्राची पहिली परिषद भरली, ती आज कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत असलेल्या टिटवाळ्यात. काही वारली प्रतिनिधी तिथे आले आणि आपल्या भागातल्या वेठबिगारीची हकिकत सांगून गेले. मग गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या पाड्यांवर गेले आणि वारल्यांचा उठाव उभा राहिला. पुढे गोदावरीबाईंनी तो सगळा अनुभव ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण भागातले प्रकल्पग्रस्त उभे राहिले. गोळीबारात पाच जण गेले. पण संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण त्याच लढ्यातून आले.

या लढ्यांत उतरलेल्या माणसांना कोणी नेतृत्वविकास शिबिराचे प्रमाणपत्र दिले नव्हते. पाणी, जमीन, जंगल यांवर कोणाचा शब्द चालावा, हे विचारण्याची परंपरा दलित, आदिवासी, आगरी-कोळी समाजांतच सर्वांत खोल आहे. आजच्या तरुणांना ती नव्याने द्यावी लागत नाही. त्यांच्यापर्यंत ती पोचवावी लागते, कारण शाळेच्या पुस्तकात तिला दोन ओळी मिळतात, काही ठिकाणी तेवढ्याही नाहीत.

त्यांच्याकडे स्वतःची भाषा आहे, हेही दिसले आहे. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्था आणि रत्नाकर मतकरी यांनी २०१४ साली ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्तीतल्या मुलांनी आपल्या जगण्यातले विषय घ्यायचे, आपणच नाटिका बसवायच्या आणि शहरासमोर सादर करायच्या, अशी ती कल्पना. मतकरी २०२० साली गेले, रंगमंच थांबला नाही. हवामानाच्या कामात याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही: विषय त्यांचा, शब्द त्यांचे, बाकीच्यांनी प्रेक्षागृहात बसायचे आणि ऐकायचे. रंगमंचाबाहेरही तरुण उतरतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीतली झाडे रातोरात तोडायला सुरुवात झाली, तेव्हा अटक झालेल्यांत विद्यार्थी होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तीही कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या पत्राची दखल घेऊन. सप्टेंबर २०२५ मध्ये मोहने इथे एनआरसी कारखान्याच्या जुन्या जागेवर येऊ घातलेल्या सिमेंट ग्राइंडिंग प्रकल्पाची जनसुनावणी झाली, तेव्हा आसपासच्या गावांनी ठाम विरोध नोंदवला.

तरी छायाचित्रातून पुसले जाण्याचा धोका असतोच. जानेवारी २०२० मध्ये दावोसला पाच तरुण हवामान कार्यकर्त्या एकत्र उभ्या राहिल्या. एका वृत्तसंस्थेने फोटो प्रसिद्ध केला तेव्हा त्यातली युगांडाची व्हॅनेसा नकाते कापली गेली होती. उरलेल्या चौघी गोऱ्या होत्या. आपल्याकडे कात्री इतकी उघड चालत नाही. वृक्षारोपणाला वस्तीतली मुले खड्डे खणायला बोलावली जातात, टी-शर्ट मिळतो, फोटो निघतो. आराखड्याच्या बैठकीला मात्र त्यांना निरोप नसतो. खड्डा खणायचा त्यांनी आणि झाड कुठे लावायचे ते ठरवायचे दुसऱ्यांनी, हे जोवर चालते तोवर युवा नेतृत्वावरची भाषणे फुकट आहेत.

अडथळे आणखीही आहेत आणि ते नीट ओळखले पाहिजेत. पहिला भाषेचा. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाची २००६ ची अधिसूचना सांगते की, जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत असावा. पण मुख्य अहवाल शेकडो पानांचा इंग्रजीत असतो आणि मराठी सारांश बहुधा असा असतो की तो इंग्रजीपेक्षा कठीण वाटावा. २०२० साली हीच अधिसूचना बदलण्याचा मसुदा आला, तो फक्त इंग्रजी आणि हिंदीत. त्यात लोकांच्या प्रतिसादाचे तीस दिवस वीसवर आणायचा प्रस्ताव होता. मसुद्याचे सर्व अधिकृत भाषांत भाषांतर करा, असे शेवटी दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. दुसरा अडथळा दाद मागण्याचा. कल्याण-डोंबिवलीच्या लोकनियुक्त महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ दोन्ही शहरांवर प्रशासक होते. या काळात अठरा वर्षांच्या झालेल्या मुलांनी मतदार ओळखपत्र काढले, पण तुंबलेला नाला घेऊन ज्याच्या दारात जायचे तो नगरसेवकच त्यांना नव्हता. प्रभागाच्या खाली मतदारांच्या क्षेत्रसभा असाव्यात, अशी तरतूद राज्याने २००९ सालीच कायद्यात केली. तिच्या बळावर भरलेली सभा शोधायला निघालात तर दमून परत याल.

तिसरा अडथळा वेळेचा आणि पोटाचा. सकाळी सहाची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्या, किंवा दिवसभर दुचाकीवरून पार्सले पोचवणाऱ्या मुलाला दुपारी तीनच्या बैठकीला यायला सांगणे म्हणजे येऊ नको असेच सांगणे. ज्या संस्था तरुणांना काम देतात त्यांनी मानधन द्यावे. चहा-बिस्किटांवर नेतृत्व पोसले जात नाही.

चौथा अडथळा आपल्या घरातला आहे आणि त्यावर बोलायला धैर्य लागते. खाजणात डेब्रिजचा भराव टाकणाऱ्या डंपरवर गावातलीच पोरे असतात, रेती उपसणाऱ्यांत भाऊबंद असतात, जमीन विकणारे काका असतात. वस्तीच्या मंडळात मुलींना गणपतीच्या आरासीपुरते स्थान असते. पाणी भरायला मुली आणि पाण्याविषयी बोलायला मुलगे, ही वाटणी मोडली नाही तर शहराने आपल्याशी केले तेच आपण घरात करत राहू. मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेच्या मुलींनी फुटबॉल खेळत मैदानावर हक्क सांगितला, त्याचे महत्त्व इथे आहे. मोकळ्या जागेसाठी भांडणारी मुलगी उद्या सावलीसाठी, पाणवठ्यासाठी आणि तिवरांसाठीही भांडू शकते.

या पुस्तिकेतून काय मिळावे, याविषयी माझी अपेक्षा साधी आहे. वाचणाऱ्याला आपल्या गल्लीची नोंद ठेवता यावी: घरात दुपारी पारा किती चढला, पुराची खूण भिंतीवर कुठे आहे, नळ किती दिवसांनी आला, धुराचा वास कोणत्या वेळी येतो. तारीख, वेळ, छायाचित्र. अशी तीन पावसाळ्यांची वही एखाद्या तज्ज्ञाच्या अहवालाला समोरासमोर प्रश्न विचारू शकते. त्या वहीला कायद्याची जोड हवी. २००५ चा माहिती अधिकार प्रत्येकाला आहे. २००६ चा वनहक्क कायदा येऊरपासून मुरबाडपर्यंत उपयोगाचा आहे. शहापूर तालुका संपूर्ण, आणि मुरबाड-भिवंडीचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो; तिथे पेसा कायद्याने ग्रामसभेला बळ दिले आहे. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांतून मान्य केला. तो खटला होता माळढोक पक्षी आणि विजेच्या तारांचा. माळढोकासाठी निघालेल्या वाटेवरून पत्र्याच्या घरातल्या माणसालाही न्यायालयात जाता येईल, पण ती वाट कोणीतरी चालून पक्की करावी लागेल.

एक सावधगिरीची सूचना. टँकर, रेती, भराव आणि रसायने यांच्या मागे पैसा असतो, आणि पैशाच्या मागे माणसे असतात. एकट्याने कोणी शौर्य दाखवायला जाऊ नये. तक्रार गटाने करावी, प्रत ठेवावी, वकिलाचा आणि पत्रकाराचा क्रमांक जवळ असावा, घरच्यांना माहिती असावी. आपल्या जिल्ह्यात टिकलेले लढे संघटनेवर टिकले.

मोठ्यांनाही काही सांगायचे आहे. महापालिकांच्या हवामान आणि उष्णता आराखड्यांच्या समित्यांवर सर्वाधिक झळ बसणाऱ्या प्रभागांतल्या तरुणांना सदस्य म्हणून घ्या, निमंत्रित म्हणून नको. त्यात निम्म्या मुली असू द्या. बैठक संध्याकाळी किंवा रविवारी घ्या, कागद मराठीत आणि समजेल अशा मराठीत द्या, प्रवासखर्च द्या आणि त्यांचा आक्षेप इतिवृत्तात लिहा. शाळा-महाविद्यालयांनी पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी इंटरनेटवरून हिमनगांची चित्रे छापून घेण्याऐवजी वालधुनीच्या काठाने मुलांना चालवावे. पर्यावरणावर प्रेम करणाऱ्या मध्यमवर्गीय मंडळींनी फ्लेमिंगो पाहून झाल्यावर कोळीवाड्यात जाऊन चार प्रश्न विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही २०११ च्या जनगणनेतच मिळून तीस लाखांवर गेलेली जोडशहरे आहेत. त्यानंतर ती किती वाढली ते लोकलच्या दारात उभे राहिले की समजते. पुढच्या वीस वर्षांत इथे धरणे, बोगदे, मेट्रो, उंच इमारती होतील आणि त्या प्रत्येकाच्या कागदावर पर्यावरण हा शब्द असेल. त्या कागदांवर सही करणाऱ्यांच्या खोलीत पाड्यावरची, चाळीतली, कोळीवाड्यातली मुलगी किंवा मुलगा बसलेला नसेल, तर पाणी पुन्हा त्यांच्याच घरात आधी शिरेल. तेव्हा वाचकहो, पुस्तिका वाचून कपाटात ठेवू नका. आपल्या प्रभागाची पुढची बैठक कधी आहे ते आज विचारा, आणि जाताना एकटे जाऊ नका.